किल्ल्या सरांच्या कमरेला

सांगलीच्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून त्याचा गोषवारा असा:

मुक्त सॉफ्टवेअरचं, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही बघता आणि बदलता येतो अशा सॉफ्टवेअरचं, काम करणारा त्यांचा पंचवीसेक जणांचा गट आहे. नोंदणी नाही, कार्यालय नाही. चॅटचा एक ग्रूप आणि दर शनिवारी संध्याकाळी सात वाजता विश्रामबागेत एकाच्या खोलीवर बैठक. हळद-बेदाण्याच्या सौद्यात मिळालेला भाव, वजन, हमाली, तोलाई शेतकऱ्याला फोनवर वहीसारखी लिहून ठेवता यावी असं मराठी ॲप त्यांनी बनवलं आहे. इंटरनेट नसलं तरी ते चालतं. नऊ वर्षांपूर्वी गट सुरू केला तो एका सरांनी. वाचक त्यांचेच विद्यार्थी. डोमेन म्हणजे संकेतस्थळाचं नाव, रिपॉझिटरीची म्हणजे कोडच्या सामायिक कोठाराची मालकी, ॲपवर सही करायची किल्ली (ॲप खरं असल्याची खूण पटवणारी गुप्त फाइल), देणग्यांचं यूपीआय, सगळं सरांच्या नावावर. ॲपचा बराचसा कोड लिहिणारा एक वरिष्ठ सहकारी आहे, त्याला सगळे दादा म्हणतात. यंदा तासगाव तालुक्यातली, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी गटात आली. तिने अनुवाद केला, दोन दुरुस्त्या पाठवल्या. दुसऱ्या दुरुस्तीखाली दादाने सगळ्यांसमोर लिहिलं, ‘ही भाजी निवडायची जागा नाही.’ पुढे रात्री-अपरात्री तिला त्याचे खासगी संदेश यायला लागले. तिने वाचकांना सांगितलं, वाचकांनी सरांना. सर म्हणाले, ‘आपलेच दात, आपलेच ओठ. घरातलं घरात मिटवू. तो गेला तर ॲप कोण बघणार?’ मुलगी ग्रूप सोडून गेली. त्याच सुमारास सर आजारी असताना डोमेनची मुदत संपली आणि संकेतस्थळ चार दिवस बंद राहिलं. वाचकांनी पासवर्ड आणि देणग्यांचा हिशोब मागितला, तेव्हा सर दुखावले: ‘नऊ वर्षांत एक रुपया तरी इकडचा तिकडे झालाय का? विश्वास नाही का?’

वाचक विचारतात: माझ्याकडे पुरावा नाही, मग तक्रारीचं करू काय? दादा गेला तर ॲप बंद पडेल, तेव्हा गप्प बसणंच शहाणपणाचं नाही का? गुरूकडे हिशोब मागणं हा कृतघ्नपणा आहे का? की वेगळा गट काढू?

•

तुमच्या पत्रात दोन गाऱ्हाणी आहेत, आणि ती तुम्ही दोन वेगळ्या परिच्छेदांत लिहिली आहेत. एक मुलीचं, एक पासवर्डचं. मला ते एकच दिसतं. तक्रार न्यायला गटात एकच दार होतं आणि त्या दाराची किल्ली डोमेनच्या किल्लीसोबत एकाच जुडग्यात होती. सर आजारी पडले तेव्हा संकेतस्थळ थांबलं, सरांना अवघड वाटलं तेव्हा तक्रार थांबली. संकेतस्थळ बंद असल्याचं सगळ्यांना दिसलं, एवढाच फरक.

तरी हाताळताना क्रम लावावा लागेल. पासवर्ड आठ दिवस थांबू शकतात. मुलीचं थांबू शकत नाही.

पहिला प्रश्न तुम्ही विचारलाच नाही: तिचं वय काय? दहावीनंतर थेट डिप्लोमाला गेलेली मुलगी दुसऱ्या वर्षाला सोळा-सतरा वर्षांची असू शकते. ती अठरा वर्षांच्या आतली असेल आणि संदेश लैंगिक स्वरूपाचे असतील, तर ‘घरातलं घरात’ हा पर्याय कायद्यानेच काढून घेतला आहे. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे असा प्रकार माहीत असणाऱ्याने तो पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणं हा वेगळा गुन्हा आहे. यात तुम्ही आलात, सरही आले. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८ आहे. कळवण्याआधी तिला आणि तिच्या घरच्या विश्वासातल्या माणसाला सांगा. त्यांना ते पोलिसांकडून अचानक कळता कामा नये.

ती अठरा पूर्ण असेल तर पोलिसांत जायचं की नाही हे तिने ठरवायचं, तुम्ही नाही. तुमचं काम एवढंच की तिच्यापुढे कोणते रस्ते आहेत ते तिला नीट माहीत असावेत. तिच्या कॉलेजमध्ये अंतर्गत समिती असते, तिथे सल्ला मागता येतो. जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, मदतवाहिनी १५१००. यातलं काहीच नको, फक्त तो माणूस आपल्याला पुन्हा संदेश पाठवणार नाही एवढं हवंय, असंही ती म्हणू शकते. तेही पूर्ण उत्तर आहे. त्याला ‘मग प्रकरण मिटलं’ असं समजू नका.

आता पुराव्याचं. तुमच्याकडे पुरावा नाही हे खरं नाही, तुमच्याकडे तुमचा भाग आहे. आज रात्री कागद घेऊन बसा आणि लिहा: तिने तुम्हाला कोणत्या तारखेला सांगितलं, कुठे, तिचे शब्द काय होते, तुम्ही सरांना कधी सांगितलं, सरांचे शब्द काय. अंदाज लिहू नका, दादाच्या स्वभावाचं वर्णन लिहू नका. खाली तारीख आणि सही. महिन्याभराने आठवणी एकमेकींत मिसळतात आणि मग ‘असं म्हणाली होती बहुतेक’ एवढंच उरतं. तिच्याकडून स्क्रीनशॉट मागवून घेऊ नका. तिला एवढंच सुचवा की चॅट पुसू नये, संदेश आपोआप नाहीसे होण्याची सोय चालू असेल तर बंद करावी, आणि स्क्रीनशॉट घेतले तर नंबर आणि तारीख दिसतील असे पूर्ण पडद्याचे घ्यावेत.

‘भाजी निवडायची जागा नाही’ या वाक्याला तर पुरावा लागतच नाही. ते रिपॉझिटरीत सगळ्यांसमोर पडलेलं आहे. त्याखाली किती जणांनी काही लिहिलं? पत्रात उल्लेख नाही, म्हणजे बहुधा कुणीच नाही. ते वाक्य पुसू नका, कारण नोंदच जाईल. तुमची रिपॉझिटरी गिटहब या संकेतस्थळावर असेल तर कारण देऊन ते झाकता येतं. झाका, आणि खाली गटाच्या वतीने दोन ओळी लिहा: ‘ही टिप्पणी आमच्या गटात चालत नाही. दुरुस्तीचं परीक्षण दुसरी व्यक्ती करेल.’ एवढं करायला समिती, बैठक, ठराव काही लागत नाही. अधिकार असलेलं एक माणूस आणि पाच मिनिटं लागतात. ते अधिकार सरांखेरीज कुणाकडे नाहीत, ही तुमची खरी अडचण.

खासगी संदेशांच्या चौकशीला मात्र पद्धत हवी. तिघांचा एक छोटा गट नेमा. त्यात सर नकोत, तुम्हीही नकोत, कारण तुम्ही साक्षीदार आहात. तिघांत किमान एक स्त्री आणि किमान एक व्यक्ती बाहेरची. साताऱ्यात किंवा कोल्हापुरात असंच काम करणारं कुणी मिळालं तर उत्तम. तक्रार पोहोचल्याचं उत्तर ४८ तासांत. तोवर तात्पुरती सोय अशी की दादाने तिला कोणत्याही मार्गाने संपर्क करायचा नाही आणि तिच्या कामावर शेरा द्यायचा नाही. ही शिक्षा नव्हे हे त्याला लिहूनच कळवा. मग दोघांचं वेगवेगळं ऐकायचं. समोरासमोर बसवून ‘हात मिळवा आणि विषय संपवा’ हा आपल्याकडचा आवडता उपाय इथे घातक आहे: पंचवीस जणांच्या खोलीत सतरा-अठरा वर्षांच्या मुलीने नऊ वर्षं जुन्या दादाकडे बघून काय बोलावं अशी अपेक्षा आहे? तीन आठवड्यांत निर्णय, दोघांना लेखी. गट म्हणजे न्यायालय नव्हे. तुरुंगात कुणी जाणार नाही. आपल्या जागेत कोण कसं वावरेल एवढंच ठरवायचं आहे, आणि दोन्ही बाजू ऐकून तिघांना जे अधिक संभवनीय वाटतं तेवढ्यावर ते ठरवता येतं.

निर्णय काय काय असू शकतात, यासाठी चाक नव्याने शोधायला नको. कोरलाइन एडा एम्की यांनी २०१४ साली ‘कॉन्ट्रिब्यूटर कव्हेनंट’ नावाची आचारसंहिता लिहिली. तिच्या २.० या आवृत्तीत चार पायऱ्या दिल्या आहेत: समज, ताकीद, ठरावीक मुदतीची बंदी, कायमची बंदी. मराठी करून घ्या, दोन पानं होतील. पण ही संहिता घेताना गट हमखास दोन चुका करतात. पहिली अशी की फाइल जशीच्या तशी उतरवली जाते आणि तक्रार कुठे करायची ते लिहिण्यासाठी सोडलेली चौकोनी कंसातली जागा तशीच राहते. म्हणजे पाटी आहे, दार नाही. दुसरी चूक, तिथे एकाच माणसाचा मेल लिहिला जातो. तक्रार त्याच्याबद्दलच असली, किंवा त्याच्या जिगरी मित्राबद्दल असली, तर? दोन नावं द्या, दोन वेगळे मेल द्या.

आता दादाकडे वळू. ‘तो गेला तर ॲप कोण बघणार?’ हा प्रश्न सरांनी उत्तर टाळण्यासाठी विचारला, पण प्रश्न म्हणून तो अगदी बरोबर आहे. फक्त तो तक्रारीच्या दिवशी नव्हे, आठ वर्षांपूर्वी विचारायला हवा होता. दादाचं उद्या लग्न ठरेल, बेंगळुरूला नोकरी लागेल, गाडीवरून पडून हात मोडेल. तेव्हा ॲप कोण बघणार?

याचं ताजं उदाहरण ‘एक्सझेड’ या छोट्या साधनाचं आहे. फाइल आवळून लहान करणारं हे साधन लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीच्या जवळपास प्रत्येक रूपात असतं आणि ते लासे कॉलिन हा एकटा माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. ‘जिया टॅन’ हे नाव लावणाऱ्या कुणीतरी दोनेक वर्षं नेटाने, शांतपणे चांगलं काम करून त्याचा विश्वास मिळवला. त्याच काळात आणखी काही अनोळखी नावं कॉलिनच्या मागे लागली होती: काम संथ आहे, झेपत नसेल तर दुसऱ्याच्या हातात दे. थकलेल्या माणसाने अधिकार दिले. २०२४ च्या सुरुवातीला ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा घातला गेला. मार्चअखेरीला तो पकडला अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरने, कारण दूरच्या यंत्रावर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे त्याला खटकलं आणि सगळा मालमसाला उघडा असल्यामुळे तो खोदत जाऊ शकला.

ही गोष्ट सहसा ‘अनोळखी माणसावर विश्वास ठेवू नका’ या अर्थाने सांगितली जाते. मला ती उलटी वाचावीशी वाटते. चोर शिरला तो उद्धटपणाच्या वाटेने. एकट्या माणसाला टोचून बोलणारे संदेश येत होते आणि ‘हे असं बोलणं इथे चालत नाही’ म्हणणारं कुणी नव्हतं. म्हणजे सभ्यपणा ही सुरक्षेपासून वेगळी, शोभेची बाब नाही. आणखी एक बारकावा तुमच्या कामाचा: चोरदरवाजा चालू करणारा तुकडा रिपॉझिटरीत नव्हताच, तो फक्त प्रसिद्ध केलेल्या गाठोड्यात होता. तुमच्याकडेही दादा आपल्या लॅपटॉपवर ॲप बांधून थेट वर चढवत असेल, तर रिपॉझिटरीतला कोड आणि शेतकऱ्याच्या फोनमधलं ॲप एकच आहे हे आज कोण छातीठोकपणे सांगेल? दादावर संशय घ्या असं मी म्हणत नाही. त्याचा लॅपटॉप चोरीला गेला तरी हाच प्रश्न उभा राहतो.

तेव्हा सहा आठवड्यांची योजना आखा, दादाचा निर्णय काहीही लागो. पहिले दोन आठवडे दुसऱ्या कुणीतरी कोऱ्या लॅपटॉपवर, फक्त लेखी सूचना वाचून ॲप बांधून बघायचं. जिथे अडेल तिथे सूचनांत एक ओळ वाढवायची. पहिल्या दिवशी बहुतेक बांधलं जाणार नाही, कारण निम्म्या गोष्टी दादाच्या डोक्यात असतील. तोच तर शोध आहे. पुढचे दोन आठवडे लहान चुका इतरांनी दुरुस्त करायच्या, दादाने फक्त परीक्षण करायचं. शेवटचे दोन आठवडे नवी आवृत्ती दुसऱ्याने बाहेर काढायची, दादाने हात लावायचा नाही. यापुढे मुख्य शाखेत (कोडच्या मूळ प्रतीत) कोड जाण्याआधी दुसऱ्या एका व्यक्तीची मान्यता लागेल अशी तांत्रिक अटच घालून टाका, सरांनाही आणि दादालाही. यात बिघडतं ते असं की परीक्षण करणारा वेळेवर बघत नाही आणि काम तुंबतं. म्हणून ७२ तासांत किमान ‘बघतोय’ एवढं उत्तर, असा नियम जोडीला हवा. नवख्या माणसाच्या दुरुस्तीला तर आधी उत्तर द्या. जुनी खोडं थांबतात, नवीन रोप सुकतं.

‘बराचसा कोड दादाचा’ हे कशावरून म्हणता, तेही तपासा. कोडच्या नोंदी ठेवणाऱ्या गिट या साधनाच्या शॉर्टलॉग आज्ञेने कुणाच्या नावावर किती कमिट, म्हणजे नोंदवलेले बदल, ते निघतं, पण तासगावच्या बेदाणा सौद्याला जाऊन शेतकऱ्याच्या हातात ॲप देऊन कुठे अडतं ते बघणारा त्यात दिसत नाही. ‘कलम’ शब्द चालेल की ‘नोंद’ यावर डोकं शिणवणारी त्यात दिसत नाही. अनुवादात, चाचणीत, फोनवरच्या शंकासमाधानात ज्यांचे तास गेले त्यांची नावं कमिटमध्ये सहलेखक म्हणून आणि ॲपच्या ‘आमच्याविषयी’ पानावर घाला. आणि गेल्या तीन वर्षांत दोन-तीन महिन्यांत सोडून गेलेल्यांची यादी काढा. दादाने काय दिलं हे मोजायचं, तर त्याच्यामुळे काय गेलं तेही त्याच पानावर यायला हवं.

मोठा माणूस दुखावला की प्रकल्प बुडतो, ही भीतीही एकदा पारखून घ्या. सप्टेंबर २०१८ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी आपल्या वर्षानुवर्षांच्या शिवराळ मेलांबद्दल जाहीर माफी मागितली आणि काही आठवडे बाजूला झाले. लिनक्सच्या गाभ्याने त्याच वेळी कॉन्ट्रिब्यूटर कव्हेनंट स्वीकारली. आता चांगले लोक सोडून जातील असा ओरडा खूप झाला. ४.१९ ही आवृत्ती ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी बाहेर काढली, ऑक्टोबरमध्ये टोरवाल्ड्स परतले, काम चालू आहे. याच्या उलट, मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू करणारे रिचर्ड स्टॉलमन २०१९ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनमधून पायउतार झाले आणि मार्च २०२१ मध्ये संचालक मंडळावर परतले. ही बातमी जगाला संस्थेच्या निवेदनातून नव्हे, त्यांच्याच भाषणातून कळली. निर्णय बरोबर की चूक यावर लोक आजही भांडतील, पण तो कुणी, कसा, कुणाला विचारून घेतला हेच दिसत नसल्यामुळे भांडण कितीतरी पटींनी वाढलं. रेड हॅट या कंपनीने फाउंडेशनचा निधी थांबवला. तुमच्या तिघांच्या गटानेही निर्णय काय झाला आणि कसा झाला एवढं सगळ्यांना सांगावं. मुलीचं नाव आणि संदेशांचा मजकूर मात्र कधीही नाही.

आता हिशोब आणि गुरू. सरांचा प्रश्न ‘विश्वास नाही का?’ असा आहे आणि त्या प्रश्नाने तुम्ही गोठलात. उत्तर सोपं आहे: ‘विश्वास आहे सर, तुमच्यावर आहे. पण गट तुमच्यानंतरही राहावा ना?’ सातारा-सांगलीत हे समजावून सांगावं लागू नये. इथल्या गावागावात सोसायटी आहे, दूध संस्था आहे, पतसंस्था आहे. चेअरमन देवमाणूस असला तरी लेखापरीक्षण होतं, दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सभा होते, ताळेबंद वाचला जातो. गल्लीतलं गणेश मंडळसुद्धा अनंत चतुर्दशीनंतर जमाखर्च फलकावर लावतं. त्याला कुणी खजिनदाराचा अपमान म्हणत नाही. उलट ज्या मंडळाचा फलक लागत नाही त्याच्याबद्दलच कुजबुज सुरू होते. आणि जे लोक सोर्स कोड उघडा असावा म्हणून नऊ वर्षं भांडले, त्यांनीच देणगीच्या बाबतीत झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणावं, हे जरा गमतीचंच आहे.

सरांशी बोलताना संशयाच्या भाषेत बोलू नका, ओझ्याच्या भाषेत बोला. ते खरंही आहे. आज त्यांच्या यूपीआयवर येणारे पैसे कागदोपत्री त्यांचे आहेत; आयकर विभागाने विचारलं तर त्यांना उत्तर द्यावं लागेल आणि उद्या त्यांना काही झालं तर ते वारसांचे होतील. गट म्हणून वेगळं खातं काढायचं तर नोंदणी लागेल. सोसायटी नोंदणीला किमान सात सभासद लागतात आणि अर्ज धर्मादाय आयुक्तांच्या जिल्ह्यातल्या कार्यालयात होतो. याला काही महिने जातील. तोवर दोघांच्या नावे संयुक्त खातं काढा, दोघांच्या सहीने चालणारं. अशा खात्यावर यूपीआय सहसा चालत नाही, त्यामुळे देणगीदारांना खाते क्रमांक द्यावा लागेल आणि सुरुवातीला आवक कमी होईल. हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर दोन महिन्यांत ‘आधीचंच बरं होतं’ सुरू होईल. दर तीन महिन्यांनी जमा, खर्च, शिल्लक अशी एक पानाची नोंद रिपॉझिटरीतच ठेवा.

किल्ल्यांमध्ये सर्वांत आधी हात घाला तो ॲपवर सही करायच्या किल्लीला. डोमेन गेलं तर दुसरं घेता येतं. तुम्ही ॲपची फाइल थेट वाटत असाल आणि ही किल्ली हरवली, तर जुन्या ॲपवर नवी आवृत्ती बसतच नाही. शेतकऱ्याला जुनं काढून नवं घालावं लागेल आणि त्याच्या फोनमधल्या सगळ्या सौद्यांच्या नोंदी त्यासोबत पुसल्या जातील. नऊ वर्षांची वही कृष्णेत सोडल्यासारखं. ती फाइल आणि तिचा पासवर्ड यांची प्रत दोन पेनड्राइव्हवर, कुलूपबंद करून, दोन वेगळ्या घरी. त्यातलं एक घर पुराच्या पाण्यापासून दूरचं. सांगलीकरांना २०१९ विसरायला नको.

बाकीचं त्यामानाने सोपं. रिपॉझिटरीला किमान दोन मालक. डोमेन सरांच्या वैयक्तिक मेलवरून गटाच्या सामायिक मेलवर, नूतनीकरण एकदम तीन-पाच वर्षांचं, मुदतीची आठवण दोघांच्या फोनवर. पासवर्ड कीपासएक्ससीसारख्या मुक्त साधनात एका फाइलमध्ये. प्रत्येक खात्याला दोन टप्प्यांची ओळख आणि त्यासोबत मिळणारे आपत्कालीन सांकेतिक अंक छापून बंद पाकिटात, पाकिटाच्या तोंडावर दोघांच्या सह्या. सहा महिन्यांनी पाकीट उघडून खरंच आत शिरता येतं का ते बघायचं. हे न करणारे गट बरेच असतात आणि गरज पडते तेव्हा पाकिटात जुनेच अंक निघतात.

सरांचा मान कुठे जात नाही. डेबियन हा लिनक्सवर आधारलेला प्रकल्प १९९३ मध्ये इयन मर्डॉक यांनी सुरू केला. नावातच ते आणि त्यांची तेव्हाची मैत्रीण डेब्रा आहेत. १९९६ मध्ये त्यांनी नेतृत्व दुसऱ्याकडे सोपवलं. १९९८ मध्ये प्रकल्पाने घटना लिहिली, नेता दरवर्षी मतदानाने निवडला जातो, २०१४ मध्ये आचारसंहिताही सभासदांच्या मतानेच आली. तिथे नवख्याला अधिकार पायरीपायरीने मिळतात: आधी काम दिसतं, मग जुना सभासद शब्द टाकतो, ओळख तपासली जाते, मग किल्ली. संस्थापकाचं नाव आजही प्रकल्पाच्या नावात आहे. किल्ल्या कमरेला न ठेवताही.

मुली का टिकत नाहीत हा प्रश्न तुम्ही पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिलाय. ‘आम्ही कुणालाच नको म्हणत नाही, दार सगळ्यांना उघडं आहे.’ दार उघडं आहे, पण ते शनिवारी सात वाजता उघडतं. बैठक संपेपर्यंत नऊ-साडेनऊ होतात, तासगावला, पलूसला, शिराळ्याला परत जायला एसटी मिळेल का, खासगी खोलीवर जायला घरून परवानगी मिळेल का, हे तुम्ही कधी मोजलं नाही कारण तुम्हाला कधी लागलं नाही. रविवारी अकरा ते एक, एसटी स्टँडपासून चालत जाता येईल अशा वाचनालयात किंवा शाळेच्या खोलीत बैठक घ्या. गरज मुलींची म्हणून सुरुवात होईल. नोकरीवाले, घरी म्हातारी माणसं असणारे आणि दुचाकी नसलेली मुलंही येतील. जिच्याकडे लॅपटॉप नाही तिला फोनवरून वेबलेटसारख्या साधनात अनुवाद करता येतो, त्यालाही पूर्ण काम माना. चॅटमध्ये मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देऊन गप्प करू नका. आणि कृपा करून येणाऱ्या प्रत्येक मुलीला पोस्टर, सूत्रसंचालन आणि इतिवृत्त लिहायला देऊ नका. इतिवृत्त पाळीने, आडनावाच्या अक्षरक्रमाने, सरांसकट.

राहिला फुटून निघण्याचा प्रश्न. परवाना तुम्हाला तो हक्क देतो, आणि तो हक्क आहे म्हणूनच मुक्त सॉफ्टवेअरमध्ये कुणी कुणाला कायमचं ओलीस धरू शकत नाही. पण कोड घेऊन निघालात तरी नाव, डोमेन, सही करायची किल्ली आणि शेतकऱ्यांच्या फोनमध्ये आधीच बसलेलं ॲप मागेच राहतं. २०१० मध्ये ओपनऑफिस या कार्यालयीन कामाच्या सॉफ्टवेअरमधले लोक बाहेर पडले तेव्हा जुनं नाव त्यांना मिळालं नाही, लिबरऑफिस असं नवं घ्यावं लागलं. त्यांचं जमलं, कारण काम करणारी बरीच मंडळी एकत्र निघाली आणि निघताना पहिल्याच दिवशी संस्था जाहीर केली. तुमच्याबरोबर आज किती जण निघतील? दोन असतील तर ती भाऊबंदकीतली वाटणी होईल, दोन्हीकडे अर्धा एकर. माझ्या मते सरांना सहा आठवडे द्या. तेवढ्यात चौकशीचे तिघं नेमले गेले नाहीत किंवा सही करायच्या किल्लीची दुसरी प्रत झाली नाही, तर मात्र वेगळे व्हा, आणि का झालात ते दोन परिच्छेदांत शांतपणे लिहून सगळ्यांना कळवा. तेव्हा कृतघ्नपणाचा विचार मनात येईल. सरांनी तुम्हाला कोड उघडा ठेवायला शिकवलं, तेच तुम्ही करताय.

सरांकडे मात्र उद्याच जाऊ नका. त्याआधी एक काम आहे. त्या मुलीला अजून गटातल्या कुणीच काही लिहिलेलं नाही. तिच्या बाजूने बघितलं तर तिने तुम्हाला सांगितलं आणि नंतर शांतता. तुम्हीच लिहा, दिवसा लिहा, फोन करू नका, गटात परत ये असं म्हणू नका. मजकूर असा चालेल:

‘नमस्कार. तुम्ही मला जे सांगितलंत ते मी त्याच आठवड्यात सरांना सांगितलं होतं, पण त्यापुढे काही झालं नाही आणि मी ते तुम्हाला कळवलंही नाही. ही माझी चूक. आता दोघांबाहेरच्या तीन जणांनी ऐकून निर्णय द्यावा असा प्रयत्न मी करतोय. त्यात तुम्ही बोलायचं की नाही, हे तुम्ही ठरवा. नाही बोललात तरी चालेल. तुमचं नाव मी तुम्हाला विचारल्याशिवाय कुणालाही सांगणार नाही. एकच अपवाद: तुमचं वय अठराच्या आत असेल तर कायद्याप्रमाणे काही गोष्टी मला कळवाव्याच लागतात, आणि तसं असेल तर आधी तुम्हाला आणि तुमच्या घरच्या, तुम्ही सांगाल त्या व्यक्तीला सांगेन. तुमची दुसरी दुरुस्ती मी स्वतः तपासली. ती बरोबर आहे. तुमची हरकत नसेल तर तुमच्या नावाने ती पुढच्या आवृत्तीत जाईल.’

शेवटची तीन वाक्यं पाठवण्याआधी दुरुस्ती खरंच तपासून बघा.